कनातीबाहेरून ऐकलेला सामना

सोलापूरहून निघताना माझ्या भाचीच्या, सुधाच्या हातात टेनिसची रॅकेट होती आणि माझ्या हातात देवीच्या ओटीचं ताट. दुसऱ्याचं सामान वाटेत अडचण करणार, असं दोघांनाही वाटत होतं. शेवटी अडचण केली ती माझ्याच सामानाने.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून सर्व्हिस मोटार (प्रवासी बस) कोळशाच्या धुरावर ढकलगाडीसारखी चालली होती. निजामाची हद्द लागली आणि करोडगिरीच्या नाक्यावर (जकात नाक्यावर) उतरावं लागलं. तिथल्या कारकुनाने रॅकेट उलटीसुलटी करून विचारलं, "क्या मियाँ, मासे धरायला चाललात?"

"हो ना," मी म्हणालो, "तुमच्याकडे पाणी कमी, म्हणून जाळं लहान आणलं."

त्यावर त्याने आमची वळकटीसुद्धा सोडायला लावली. सुधा म्हणाली, "मामा, सामना होईपर्यंत तुम्ही तोंड बंद ठेवाल का?"

तिची काळजी खरी होती. पाच वर्षं ती एका गिरणीवाल्या शेटजींच्या मुलींना पगारावर टेनिस शिकवत होती. मुलींची लग्नं झाली आणि नोकरी संपली. आता धाराशिवच्या (सरकारी कागदात उस्मानाबादच्या) अफसरांच्या क्लबात अशाच पगारी खेळाडू बायकांचे एकेरी सामने होते. जी जिंकेल तिला हैदराबादेत मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची जागा आणि राहायला खोली. सुधाला तिच्या थोरल्या भावाने बजावलं होतं, "एवढा एक खेळ खेळ. हरलीस तर रॅकेट माळ्यावर."

तुळजापूरचा घाट मोटारीला चढेना. आम्ही उतरून ढकलली. वर गेल्यावर देवीचं दर्शन घेतलं. मी पुजाऱ्याला म्हटलं, "भरपूर लावा, काम मोठं आहे." त्याने कपाळ आडवं भरून मळवट लावला. घामाने तो नाकावर आला, तरी मी पुसला नाही.

धाराशिवात पहिले दोन दिवस सुधा जिंकत गेली. आम्ही क्लबामागच्या खोलीत भाकरी, शेंगांची चटणी आणि येळवणीची आमटी (पुरणाच्या डाळीच्या पाण्याची) खात होतो. रोज सकाळी मी गावातल्या देवळात जाऊन मळवट ताजा करून येत होतो. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर उरली ती हैदराबादची जोहरा. उंच, शांत, आणि तीही सुधासारखीच नोकरीच्या शोधात.

त्या सकाळी मैदान पाहिलं आणि मी जागीच थांबलो. क्लबात झाडलोट करणाऱ्या भागीरथीबाईने ते अंगणासारखं सारवलं होतं. चुना संपला म्हणून रेघा रांगोळीच्या, आणि चारी कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं!

"हे काय केलंत बाई?" मी विचारलं.

"दोन लेकी खेळणार हायत, मग कोरडंच ठिवू व्हय?" ती म्हणाली आणि दोघींकडे वळली. "पोरींनो, कोपऱ्यातल्या कुंकवावर पाय द्यायचा न्हाय. पाप लागंल."

सुधाने मान हलवली. जोहरानेही हसून म्हटलं, "हौ, अम्मा."

मग मैदानाभोवती कनाती (उंच कापडी पडदे) लागल्या. आत फक्त बायका. पुरुष बाहेर. चाळीस मैल धुरात काळा होऊन आलो होतो, तरी नियम तोच! माझ्याबरोबर बाहेर होता क्लबाचा म्हातारा चपराशी, करीमचाचा.

मी सामना कानाने पाहू लागलो. सुधाच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. किणकिण, टप, म्हणजे फटका सुधाचा. नुसतंच टप, म्हणजे जोहराचा. पहिला डाव सुधाचा, दुसरा जोहराचा. तिसऱ्यात दोघी बरोबरीने चढत गेल्या. करीमचाचाची विडी विझली, तरी तो ओढतच होता. शेवटी पंच असलेल्या अफसरीणबाईंचा आवाज आला : आता एक गुण मिळाला की सामना जोहराचा.

किणकिण, टप. टप. किणकिण, टप! चेंडू उसळून कनातीवरून आला तो थेट माझ्या ओंजळीत.

"बाहर!" आतून कुणी ओरडलं. टाळ्या पडल्या. म्हणजे चेंडू रेषेबाहेर, सुधा हरली.

मी चेंडूकडे पाहिलं. लाल डाग! कोपऱ्यावर पडला होता, म्हणजे आतच.

"कुंकू! चेंडूला कुंकू लागलंय!" नाटकात राक्षसाच्या कामाला लावतो तो आवाज मी लावला. आतल्या टाळ्या थांबल्या.

करीमचाचाने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. घाम टिपून टिपून तीही लालच. "मियाँ," तो मोठ्याने म्हणाला, "कुंकवाचं दुकान तर तुम्हीच उघडलंय."

आतल्या बायका खळखळून हसल्या. पंचबाईंनी विचारलं, "वो मळवटवाले मामू क्या?" माझ्याच मळवटाने पोरीचा घात केला होता. मी कनातीला कान लावून उभा राहिलो.

तेवढ्यात जोहराचा आवाज आला. "मामू को छोडो. इथं कोपऱ्यातलं कुंकू फिसकटलंय."

"तुमचाच पाय पडला असेल," पंचबाई म्हणाल्या.

"नक्को बोलो ऐसा. अम्माने सांगितल्यापासून मी तिथं पाय टाकला नाही. सुधाबाईंनीही नाही. मग पुसलं कुणी? चेंडूनेच." आणि ती पुढे म्हणाली, "गुण त्यांचा."

खेळ पुन्हा सुरू झाला. किती वेळ, ते ठाऊक नाही. करीमचाचाने माझा दंड धरून ठेवला होता. किणकिण, टप. टप. किणकिण, टप. आणि मग काहीच नाही. ना बांगडी, ना चेंडू. नंतर भागीरथीबाईची आरोळी ऐकू आली, "जितली गं माझी सोलापूरची!"

जोहरा बुरखा घेऊन बाहेर आली. मी हात जोडले. ती म्हणाली, "मामू, आता तोंड धुवा. काम झालं." आणि रॅकेट काखेत मारून टांग्यात बसली. तिच्या घरी त्या रॅकेटसाठी माळा होता का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

सुधा तिथूनच हैदराबादेला गेली. मी एकटा सोलापूरला परतलो. शेजारची जागा रिकामी; ढकलायला मात्र उतरावं लागलंच. तुळजापुरात पुजारी कुंकवाचं बोट घेऊन पुढे आला. मी म्हणालो, "आज एकच ठिपका लावा, आणि तोही जोहराच्या नावाने."

सोलापुरात लोक तो सामना माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकतात. सुधाचे फटके मी उभा राहून करून दाखवतो, दर खेपेला वेगळे. जोहराचं बोलणं मात्र जसं ऐकलं तसंच सांगतो. त्यात भर घालायला मला आजवर काही सुचलेलं नाही.