शेवटचा शब्द

केडगावात आमच्या शेजारी राहणारे गणिताचे सर रविवारी मुलांना गुप्त वाक्यं फोडायला देतात. अक्षर-मात्रांच्या जागी नुसत्या खुणा. कुणाचं चुकलं तरी सर 'चूक' म्हणत नाहीत, कानावरचा खडू चाचपत विचारतात, "बरं, मग?" गणिताच्या मास्तरांना हे कसं जमतं, याचं मला नवल वाटतं.

परवा सगळ्यांनी शेवटचा शब्द 'आहे' धरला आणि अडकले. पाथर्डीकडची, एरवी गप्प बसणारी मुलगी पुटपुटली, "तिथं 'हाय' आसंल."

वाक्य उलगडत गेलं: 'हिरीचं पानी लई गोड हाय.'

"सर, हे अशुद्ध आहे!" माझी लेक म्हणाली.

"माझ्या आईला सांग तसं," सर म्हणाले, आणि त्या मुलीला ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं.