घोडीने मान टेकवली तो खांदा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. तोंडाने सांगायचा धीर नाही, म्हणून लिहिते.

आमची एक घोडी आहे. नवरा तिच्यावर पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवतो. ती घ्यायला थोरल्या जावेने पैसे दिले होते. तिला आम्ही वयनी म्हणतो. ती कसालच्या बाजारात मासे विकते, तिच्या हातात पैसा असतो. बाजारातून परतताना ती रोज आमच्या दारात थांबायची आणि विचारायची, "माझ्या पैशाचे चारय पाय बरे आसत मां गो?" सगळे हसायचे, मीही हसायचे. पण चारा मी घालते, खूर मी साफ करते, लीद मी काढते. आणि वयनीची चाहूल लागली की घोडी कान टवकारून कुंपणाशी जायची. माझ्या हातात बादली नसेल तर माझ्याकडे ती बघतसुद्धा नाही.

मग आमच्या भागात घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत ठरली. नंबर आला नाही तरी जे जनावर शेवटपर्यंत धडधाकट पोचेल, त्याच्या मालकाला बक्षीस होतं. तेवढ्या पैशांत वयनीचं देणं फिटत होतं. मला दुसरं काही नको होतं. घोडी आमची एकट्यांची व्हायला हवी होती.

वाटेत थांबे होते. तिथे घोडीला थंड करायचं, निवांत करायचं, मग डॉक्टर नळी लावून छातीचे ठोके मोजणार. ठरल्या वेळात ठोके उतरले नाहीत तर घोडी बाद. थांब्यावर तिला मीच बघेन, असं मी नवऱ्याला बजावलं होतं. तरी वयनी आलीच. माडाखाली माशांची पाटी ठेवून बसली.

पहिला थांबा निभावला. शेवटच्या थांब्यावर घोडी नवऱ्याला घेऊन घामाने निथळत आली. मी खोगीर उतरवलं आणि तिच्या पाठीवर ओलं गोणपाट पसरलं, आम्ही उन्हात माशांच्या पाटीवर पसरतो तसं. डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, "ते काढा आधी. हिच्या अंगातली गरमी तुम्ही आत कोंडताय. पाणी ओता, हाताने निपटून काढा, परत ओता."

तसं केलं. अंग निवलं, पण ठोके उतरेनात. मी दोर आवळून धरला होता, तिची मान चोळत होते, शांत हो शांत हो म्हणत होते. जितकी मी घाई करत होते तितकी ती पाय आपटत होती. वेळ संपत आला. नवरा हळूच म्हणाला, "वयनीक बोलाव."

त्या क्षणी घोडी बाद झाली असती तरी मला चाललं असतं, असं वाटलं. मग मी माडाखाली जाऊन नुसतीच उभी राहिले. वयनी समजली.

तिने विशेष काहीच केलं नाही. दोर सैल सोडला, घोडीचं तोंड इतर घोड्यांकडून समुद्राकडे वळवलं आणि बाजूला उभी राहून बाजाराचं रडगाणं सांगायला लागली. "आज बांगडो कोण इचारी नाय गो बाय." घोडीने लांब सुस्कारा सोडला. खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले, आणि मान तिने वयनीच्या खांद्यावर टेकवली. मी रिकामी बादली घेऊन उभी. नवरा त्या दोघींकडे इतक्या मायेने बघत होता की मी तोंड फिरवलं.

"उतरले ठोके. जाऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

घोडी धड पोचली, बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी वयनी कुंपणाशी आली, तेव्हा तिने तोंड उघडायच्या आत मी नोटा तिच्या हातात ठेवल्या.

"मोजून घे, वयनी."

"एवढी घाई कित्याक गो?"

ती बोट ओलं करून मोजू लागली. घोडी कुंपणावरून मान काढून तिचा पदर हुंगत होती, त्यात मोजणी चुकली. वयनीने तिचं तोंड अलगद बाजूला सारलं आणि पहिल्यापासून मोजलं. मी तिथेच उभी राहिले.

"पुरे आसत," ती म्हणाली आणि नोटा कनवटीला लावल्या.