हळदीच्या तेलाचा साबण

कशेळीच्या गोदामांखाली जानकीबाईंची भातखाचरं गेली आणि घरात पैसा आला. मुलाने, मनोजने, दोन मजली बंगला उठवला, कपडे धुवायला मशीन आणलं, आईसाठी झोपाळा टांगला. "आता बसून खा," म्हणाला. बसून खाणं या बाईच्या पिंडातच नव्हतं, हे त्याला कोण सांगणार!

गावात कुठे लग्नाची हळद लागली की वडे तळून उरलेलं तेल जानकीबाईंकडे यायचं. ते त्या फडक्याने गाळायच्या, पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवून निववायच्या, तेलात सोडून लाकडी दांड्याने घोटत बसायच्या. वड्या महिनाभर गच्चीवर सुकल्या की ज्याचं तेल त्याच्या घरी साबण पोचता व्हायचा. गोदामातल्या हमालांचे काळेकुट्ट हात त्यानेच स्वच्छ व्हायचे.

मनोजला नेमकं तेच झोंबायचं. "लोकं बोलतात, बंगला बांधला न् आईला साबन इकत घेऊन देत न्हाय."

नातवाला, प्रितेशला, बघायला मुलीकडचे येणार होते, त्या सकाळी मनोजने गच्चीवरच्या सगळ्या वड्या गोणीत भरून उकिरड्यावर टाकल्या. जानकीबाईंना कळलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. तेलाचा डबा, कॉस्टिकचं पाणी आणि टब त्यांनी उचलला आणि थेट गेटच्या मधोमध बसकण मारली.

कॉस्टिक तेलात पडलं आणि पाहुण्यांची गाडी आली. मनोज धावत आला. "आई, ऊठ. पाया पडतो तुझ्या!"

"आता हात थांबला तर तेल वर न् पानी खाली. मी न्हाय उठायची."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जानकीबाईंनी मानही वर केली नाही. शेवटी पाहुणे खाली उतरले. मुलीची आत्या काशी टबात डोकावली. "साबन काय ओ?"

"टाइमपास हाय तिचा," मनोज घाईघाईने म्हणाला.

टाइमपास! दांडा फिरवता फिरवताच जानकीबाई म्हणाल्या, "शेत इकलंस तवा माझ्या हातांचं काम इकलंस. मी गप ऱ्हायले. आता हे एकच उरलंय. हे तुझ्या बंगल्यापायी न्हाय सोडनार."

पाहुण्या बायका साड्या सावरत टबाच्या कडेने एकेक करून आत गेल्या.

आत चहा झाला, बोलणी झाली. जानकीबाई बाहेर घोटतच होत्या. पाहुणे निघाले तेव्हा कुठे साबण दाटला. तो ओतायला पुठ्ठ्याच्या खोक्यांत प्लॅस्टिक अंथरून त्यांनी हाक मारली, "मनोज, ये. टब जड हाय, त्या अंगाने धर."

मनोजने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा आईच्या लालबुंद हातांकडे. मग नव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि सगळ्यांदेखत वाकून टब धरला.