बोटभर कमी

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी मला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि मिस्त्रीकडून मागून आणलेल्या टेपनं मोजलं. एकशे चौपन्न. पोलीस भरतीला मुलींची उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागते, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी टेप मायच्या हातात दिली, खाली नीट टेकवायला लावली आणि परत मोजलं. तेवढीच भरली.

"टाच उचल जराशी," बाबा म्हणाले.

"तिथं उचलू देतेत का?" माय म्हणाली.

"तिथलं तिथं पाहू."

आमचं गाव केदारखेड्याच्या पुढं. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. बाबांनी ती विकली आणि भोकरदनच्या मार्केटात हमाली धरली. त्या वर्षी आमच्या गल्लीतली एक मुलगी पोलीस झाली. ती वर्दीत गावात आली, तेव्हा हॉटेलात बसलेल्या लोकांनी उठून तिच्या बापाला जागा दिली. बाबा तिथंच चहा पीत उभे होते. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. मी काय व्हायचं ते तेव्हाच ठरलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बीएस्सी म्हणाले असते; फार जोर लावून म्हणाले असते, असंही नाही.

गोठ्यात दोन खांबांना लोखंडी पाइप बांधला गेला. सकाळ-संध्याकाळ त्याला लटकायचं. बाबा मोबाइलमध्ये वेळ लावून समोर उभे राहायचे. वेळ भरायच्या आत हात सुटले की त्या वेळची भाकर बंद. तळहाताची कातडी निघाली तेव्हा त्यांनी तिथं हळद भरली आणि फडकं गुंडाळून परत लटकवलं. दर रविवारी मोजणी. दोन महिने झाले तरी आकडा हलला नाही, म्हणून एका रविवारी त्यांनी माझे दोन्ही घोटे धरले आणि खाली ओढलं. मी ओरडले. माय परसातून धावत आली.

"पोरगी हाय ती, मेंढरू न्हाई!"

"पोरगी हाय म्हणूनच ओढून राह्यलो," बाबा म्हणाले. "परक्याची असती तर कशाला ओढली असती?"

ते खोटं बोलत नव्हते. म्हणून मला त्यांचा नीट रागही धरता येत नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला आवडायला लागली होती. पहाटे रस्त्यावर मी पळायचे आणि छान पळायचे. भोकरदनला एक रिटायर फौजी मुलांची तयारी घ्यायचे. आठशे मीटरला माझ्या पुढं त्यांची एकही मुलगी नव्हती. ते बाबांना म्हणाले, "पळण्यात ही बिलकुल अडकत न्हाई. पण पळणं मागून हाय. आधी उंची."

भरतीच्या आदल्या दिवशी आम्ही जालन्याला आत्याच्या घरी उतरलो. सकाळी माझी आंघोळ झाली. मी केस विंचरत होते तेव्हा बाबा आतून लाटणं घेऊन आले. त्याला टॉवेल गुंडाळलेला होता. डोक्याला टेंगूळ आलं की तेवढी उंची वाढते, असं त्यांना तयारीच्या पोरांपैकी कोणीतरी सांगितलं होतं.

"खाली बस," ते म्हणाले. मग मायला, "हिचे हात धर."

मायनं धरले. मला त्या लाटण्यापेक्षा मायचे हात जास्त आठवतात. तीन वेळा मारलं. बाबांचे डोळे भरले होते, पण नेम चुकला नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर बोट फिरवून पाहिलं.

"आलं," ते म्हणाले. "चल जल्दी."

मैदानावर उंची मोजायला एक महिला पोलीस होती. तिनं वरची पट्टी खाली आणली, ती टेंगळाला लागली आणि मी किंचाळले. तिनं पट्टी वर नेली, माझे केस बाजूला करून पाहिलं.

"कोणी मारलं?"

"पडले, मॅडम."

"सगळ्या पडूनच येता," ती म्हणाली. ती चिडली नव्हती. तिनं पट्टी परत आणली, टेंगळावर टेकवली आणि दाबली. मग शेजारी लिहायला बसलेल्याला आकडा सांगितला. एकशे चौपन्न. "बाहेर जा."

बाहेर जाताना मैदान दिसत होतं. मुलींची एक तुकडी पळत होती. पहिली आलेली मुलगी शेवटी पाय ओढत होती. तिला मी सहज मागं टाकलं असतं.

फाटकाशी बाबांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं.

"तू वाकली असशील," ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले. एसटीत ते लांब दुसऱ्या सीटवर बसले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडून दिलं. मी भोकरदनला बीएस्सीला जाऊ लागले, तेही त्यांनी अडवलं नाही. दोन वर्षांत माझी धाकटी बहीण सोळाची झाली. तिला मोजायला टेपही लागत नव्हती, मायपेक्षा ती वीतभर उंच झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं, पण बाबांनी तिचंही पोलीसच ठरवलं होतं. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, तू सांग ना बाबांना. मला न्हाई पळायचं."

"तुला देवानं उंची दिली," मी म्हणाले, "मंग तुला रडायला काय झालं?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मीच तिला रस्त्यावर नेऊ लागले. बाबांनी सांगितलं नव्हतं. घड्याळ माझ्या हातात असायचं. एकदा ती दम लागून रस्त्याच्या कडेला बसली आणि उठेना. मी तिच्यावर हात उगारला नाही, असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी चप्पल काढून तिच्या पिंढऱ्यांवर मारली. ती उठली आणि पळाली, आणि तरी ती माझ्या वेळेच्या आत आली नाही याचं मला बरं वाटलं.

बारावी झाल्यावर ती पहिल्याच भरतीत लागली. गावानं फेटा बांधून बाबांची मिरवणूक काढली.

ती आता जालन्यालाच असते. बाबांशी हसून बोलते, मायला दवाखान्यात नेते. माझ्याशी "जेवलीस का" एवढंच. गेल्या दिवाळीत ती ओसरीवर बुटांना पॉलिश करत बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं तेव्हा."

तिनं ब्रश थांबवला नाही. "बाबांना कळत नव्हतं, ताई. तुला कळत होतं."

आतून मायनं जेवायला हाक मारली. बहीण हात धुऊन आत गेली आणि बाबांच्या शेजारी पाट ओढून बसली.