बायनाबाईची लेझीम

बायनाबाई आमच्या शाळेची शिपाईबाई. चामोर्शीकडे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पाला लागून शाळा होती. साल चौऱ्याऐंशी. मी तिथे मास्तर होतो आणि स्वतःला फार दयाळू समजत होतो.

कॅम्पातल्या काही तरुण मुली लहानपणी गोळीबारातून वाचून आलेल्या. त्यातली पुतुल एकोणीस वर्षांची, पण घंटा झाली की जागच्या जागी खाली बसायची. म्हणून मी घंटेच्या हातोड्याला चिंधी बांधली. बाजाराच्या रस्त्यावर मात्र चहाटपरीतला बिरजू मुद्दाम पत्र्याचा डबा बडवायचा. मुली दचकल्या की अख्खी टपरी हसायची. मुली मग आडवाटेने जाऊ लागल्या. पुतुलने तर बाजारच सोडला.

बायनाबाईने चिंधी सोडून माझ्या टेबलावर ठेवली. "गुरुजी, घंटा मुकी करून भेव जात नाई. आवाज दुसऱ्याच्या हातात हाय म्हणून भेव लागते. या पोरीयच्या हातात द्या."

खेळाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच असे. तिने मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

शाळा सुटल्यावर ती अकरा जणींना पटांगणात उभं करी. पहिला महिना नुसते पाय. मग लेझीम. पुतुल दचकून खाली बसली की बायनाबाई म्हणायची, "बस ना. पन तालात बस अन् तालात ऊठ."

कॅम्पातले म्हातारे कुरकुरले, तरण्या पोरी नाचवता म्हणून. बायनाबाई म्हणाली, "माही माय जयंतीच्या मिरवणुकीत मोठ्या रस्त्यानं लेझीम खेळत गेली, तवा दगड आले होते. लेझीम थांबली नाई. मी तिच्या मांगंच होती."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने मुलींना मोठ्या रस्त्यानेच नेलं, लेझीम खेळत. मी मागून छत्री घेऊन चाललो होतो, कशाला ते मलाही ठाऊक नाही. टपरीपाशी डबा कडाडला. पुतुल मटकन खाली बसली.

बायनाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "बैठक," एवढंच म्हणाली. बाकीच्या दहाही जणी बसल्या. दोन ठोके गेले आणि सगळ्या उठल्या. पुतुलही उठली.

बिरजूचा हात थांबला. लेझीम न थांबवता पुतुल त्याच्यासमोर गेली.

"वाजव ना. काऊन थांबला? आमचा ताल तुटून राह्यला."

डबा पुन्हा वाजला नाही. बाजार करून आम्ही त्याच रस्त्याने परत आलो.