चुलीवरचा जोड

मंगरूळपीरला इंद्रभान वायरमनची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कामाला हात लावण्याआधी तो मीटरजवळचा कटआउट, म्हणजे फ्यूज, काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. तो खांबावर मजुरीला असताना खाली कुणीतरी वीज चालू केली आणि वर चढलेला त्याचा सोबती गेला, तेव्हापासूनची ही सवय. "दुसऱ्याच्या भरवशावर मी तारेले हात लावत नाही," म्हणायचा.

छप्पन साली वडिलांसोबत बौद्ध झालेला, अंगानं काटक, बोलायला मोजका. त्र्याहत्तर साली आम्ही घर बांधलं, त्याची सगळी वायरिंग त्याचीच. मी शाळामास्तर. दर पंधरा ऑगस्टला समतेवर दणकून बोलणारा.

चार वर्षांनी माजघरातला दिवा लुकलुकायला लागला. इंद्रभान आला. टेस्ट लॅम्प मीटरपाशी लावला, तो लख्ख पेटला. माजघरात लावला, तर नुसता मिणमिण.

"मीटरपाशी सारं बरोबर हाये, गुरुजी. तार मधात सैपाकघरातून जाते. तिथं चुलीवर माहाच एक जोड हाये, धुरानं खराब झाला असन."

तो निघाला तशी माझी आई, आवडाबाई, स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "त्याले म्हन, बाहीरूनच सांग. आत देव हायेत."

वास्तुशांत व्हायच्या आधी हा माणूस त्याच जागी बसून आपली भाकर खायचा, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इंद्रभाननं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त 'या' म्हणायचं होतं.

मी स्टूल उचललं. "मीच करतो, इंद्रभानभाऊ. तुम्ही सांगा."

त्यानं कटआउट खिशात टाकला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगत गेला. "वरची पट्टी. तिसऱ्या क्लिपापाशी टेप हाये, तो काढा. तार काळी पडली असन, घासा. आता घट्ट पीळ द्या, वर नवा टेप." न बघता सगळं बरोबर. विजेची भीती नव्हतीच, लाज वाटत होती.

त्यानं कटआउट परत बसवला, दिवा लख्ख लागला. आई हरखून म्हणाली, "माह्या लेकाले सारंच येते!" मी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

पायरी उतरताना तो हळूच बोलला, "तुमचा जीव माह्या खिशात चालला, गुरुजी. पाय तेवढा सैपाकघरात चालला नाही."

त्या पंधरा ऑगस्टला मी भाषण केलं नाही. घसा बसलाय, असं हेडमास्तरांना खोटंच सांगितलं.