केस माझीच होती

सुक्या बोंबलांचा वास आला की मला कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक आठवतो. मी नऊ वर्षांची होते आणि अर्नाळ्याला आईकडे राहायचं की विरारला बाबांच्या फ्लॅटमध्ये, याचा निकाल त्या दिवशी होता. सकाळी किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील टांगूनच आम्ही निघालो होतो. ‘सायब इचारतील तवा खरं सांग, घाबरू नको,’ आई वाटेत म्हणाली. आत बाबांचे वकील मोठ्याने सांगत होते की, मुलीला मासळी वाळवायला राबवतात, तिचे हात हुंगून बघा. मला कुणीच राबवत नव्हतं; दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून काठीवर टाकायला मला आवडायचं. हेच सांगायला मी उठले, तर शिपायाने दार अडवलं. ‘ए पोरी, तुझं नाव पुकारलं का?’ ‘पण केस माझीच आहे ना?’ ‘तुझी कसली? आईबापाची आहे. बस गुपचूप.’ मी बसले, आणि त्याच संध्याकाळी दप्तर घेऊन विरारला गेले. यंदा मी त्या निकालाची नक्कल काढली. त्यात लिहिलंय, ‘मुलीचे म्हणणे ऐकून घेतले.’ कुठल्या मुलीचं, एवढाच प्रश्न विचारणारा अर्ज मी आज लिहिलाय.